बाकं नसलेलं चर्च
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : रस्ता, सकाळ. विटांची भिंत, वर निमुळता मनोरा.]

न्यूयॉर्क. मॅनहॅटनमधला चेल्सी हा भाग. नववा ॲव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हे चर्च आहे. होली अपॉसल्स. पेन स्टेशनहून रमतगमत चालत आलात तरी फार वेळ लागत नाही. भिंतीच्या कडेने लोक उभे आहेत. एकाच्या खांद्यावर फुगलेली सॅक, दुसऱ्याच्या हातात चाकांची पिशवी. ही रांग प्रार्थनेची नाही, जेवणाची आहे.

रांगेतल्यांचे चेहरे तुम्हाला दिसणार नाहीत. कॅमेरा आम्ही मुद्दामच कमरेच्या उंचीवर धरलाय. इथे जेवायला येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. काम करता का, राहता कुठे, धर्म कोणता, काही नाही. मग आम्ही तरी चेहरे कशाला मागायचे?

[दृश्य : दार उघडतं. कॅमेरा आधी वर, मग हळूहळू खाली.]

आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. ही इमारत १८४८ ची, आराखडा वास्तुकार मिनार्ड लाफेव्हर यांचा. खिडक्यांमधली चित्रं विल्यम जे बोल्टन यांची. अमेरिकेत रंगीत काचेवर काम करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कलावंतांपैकी ते एक. ऊन आलं की गोल चौकटींतले बायबलमधले प्रसंग उजळतात.

आता खाली बघा. चर्च म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या लाकडी बाकांच्या रांगा इथे नाहीत. आहेत ती टेबलं आणि खुर्च्या. आणि जेवणारी माणसं.

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो.]

बाकं गेली कुठे, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९८० च्या सुमाराला या चर्चची अवस्था वाईट होती. मंडळी रोडावलेली, तिजोरी रिकामी, कुलूप लागायची वेळ आलेली. बाहेर शहराचे हाल त्याहून वाईट. एकेक खोली भाड्याने देणारी स्वस्त हॉटेलं झपाट्याने नाहीशी होत होती. मनोरुग्णालयांतून बाहेर काढलेल्या लोकांना जायला जागा नव्हती. माणसं फुटपाथवर झोपत होती. अशा वेळी चर्चवाल्यांनी सरळ हिशेब केला : बंदच पडायचं असेल, तर जाता जाता कुणाच्या तरी पोटात दोन घास घालू. २२ ऑक्टोबर १९८२ ला अन्नछत्र सुरू झालं. पहिल्या दिवशी ताटं उठली पस्तीसच्या आसपास. पुढे हा आकडा दिवसाला हजारावर गेला. आणि बंद पडायला निघालेलं चर्च राहिलं ते राहिलंच.

तेव्हा जेवण शेजारच्या इमारतीत वाढलं जाई. मुख्य सभागृहात बाकं होती, जागच्या जागी.

मग १९९० मध्ये आग लागली. छप्पर गेलं, काही काचा गेल्या. बोल्टन यांच्या त्या काचा पुन्हा कुठून आणणार? अन्नछत्राचं जेवण मात्र दुसऱ्या दिवशीही चुकलं नाही.

दुरुस्ती १९९४ पर्यंत चालली. सगळं पूर्ववत करायचं ठरलं, एक गोष्ट सोडून. बाकं परत बसवायची नाहीत. पंगत चर्चच्या ऐन गाभाऱ्यात आणायची.

हा निर्णय वाटतो तेवढा साधा नाही. अमेरिकेत एकेकाळी अनेक चर्चमधली बाकं भाड्याने दिली जात. पैसेवाल्यांची घराणी पुढे, गरीब मागे किंवा वरच्या सज्जात. इथे ती उतरंडच उचलून बाहेर ठेवली गेली.

[दृश्य : हात. फक्त हात.]

हे वाढपी. रोज नवे स्वयंसेवक येतात. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी सुट्टी काढून आलेला ऑफिसातला. एक हात ट्रे पुढे सरकवतो, दुसरा त्यात भाजी घालतो, तिसरा पाव ठेवतो. त्या चौथ्या हाताकडे बघा. फाटका लोकरी हातमोजा, बोटं उघडी. त्याने संत्रं उचललं, दाबून पाहिलं, खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं. मंडईत आपण घेतो तसंच. कुणी हटकलं नाही. इथे येणाऱ्यांना 'पाहुणे' म्हणतात, आणि पाहुण्याने फळ निवडून घेतलं तर बिघडलं काय?

[दृश्य : रविवार. तीच जागा, खुर्च्या वेगळ्या मांडलेल्या.]

टेबलं आवरली की हेच सभागृह प्रार्थनेला मोकळं. हे चर्च एपिस्कोपल पंथाचं. एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या चर्चचीच अमेरिकन शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८९ मध्ये वेगळी उभी राहिली. बिशप आहेत, सामुदायिक प्रार्थनेचं पुस्तक आहे, भाकरी आणि द्राक्षरसाचा प्रभुभोजनाचा विधी आहे. याच चर्चमध्ये १० जानेवारी १९७७ ला बिशप पॉल मूर यांनी एलन बॅरेट यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. त्या उघडपणे समलिंगी होत्या. केवढा गदारोळ झाला! शुक्रवारच्या संध्याकाळी इथे कित्येक वर्षं ज्यू मंडळींची उपासनाही भरत असे.

मराठी माणसाने इथे क्षणभर थांबावं असं आणखी एक कारण आहे. या एपिस्कोपल चर्चच्या स्मरणदिनांच्या यादीत ५ एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंचा आहे. दुष्काळात उपाशी पडलेल्या मुलींना गोळा करून केडगावला आणणाऱ्या रमाबाई. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की चर्चा धर्मांतरावर जाते. त्या मुलींना पहिल्यांदा जेवायला कुणी घातलं, हे मागेच राहतं.

[दृश्य : फुटपाथ, मास्क लावलेले लोक, कागदी पिशव्या.]

२०२० मध्ये करोना आला, टेबलं उचलली गेली, जेवण पिशव्यांतून दारावर दिलं गेलं. रांग लांबली.

[दृश्य : दुपार. रिकामं सभागृह.]

शेवटचा पाहुणा गेलाय. एक जण टेबलांवरून ओला फडका फिरवतोय. दुसरा बादली आणि मॉप घेऊन वेदीच्या पायरीपर्यंत आलाय. पायरीखाली कुणाच्या तरी पावाचा तुकडा पडलाय. तो वाकतो, तुकडा उचलतो आणि पुढची फरशी पुसायला लागतो.