भाषण नंतर, आधी लिफ्ट दाखवा

सकाळचे साडेनऊ. पुण्यात खराडीतली एक आयटी कंपनी, नाव सांगता येणार नाही, शूटिंगची परवानगीच त्या अटीवर मिळालीये. आमच्यासोबतच्या ताईंना दिसत नाही. गेटवरच्या सिक्युरिटी काकांनी त्यांची पांढरी काठी बघितली आणि काही न विचारता त्यांचा दंडच धरला, चला मॅडम चला म्हणत निघाले ओढत. ताई जागच्या जागी थांबल्या. "काका, तुम्ही मला नका धरू, मी तुम्हाला धरते." मग काकांच्या कोपराला हात लावून अर्धं पाऊल मागे राहून चालायला लागल्या. काका जरा ओशाळले, पण जमलं. ताईंचं काम इथूनच सुरू होतं, फक्त या भागाचं बिल लागत नाही.

ताई दिव्यांग समावेशनाच्या कन्सल्टंट आहेत. ऑफिस नाही, स्टाफ नाही, एक लॅपटॉप आणि त्यात एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर. सोबत आज एक आर्किटेक्ट मित्र आहे, तो व्हीलचेअर वापरतो, मोजमापं त्याच्याकडे.

कंपन्यांचे फोन येतात ते नोव्हेंबरात. ३ डिसेंबर म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, एचआरला एक मोटिव्हेशनल भाषण पाहिजे असतं, शेवटी फोटो, झाडाचं रोप वगैरे. ताई म्हणतात करते ना भाषण, पण आधी एक अख्खा दिवस मला तुमच्या ऑफिसात फिरू द्या. बरेच जण इथेच गळतात. ही कंपनी टिकली.

आता लॉबी. लिफ्ट एकदम नवी कोरी आणि आत-बाहेर बटणंच नाहीत. बाहेर भिंतीला काचेची टचस्क्रीन, त्यावर मजला टाकायचा, मग ती दाखवते की ए लिफ्टने जा का सी ने. गुळगुळीत काचेवर बोट फिरवून ताईंना काय कळणार? आवाजाची सोय आहे हो, पण लोकांना कटकट होते म्हणून बंद करून ठेवलीये. मित्र तोवर रॅम्प मोजून आला. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते, इथे सातच आहे, म्हणजे मागून कुणी ढकललं तरच वर. आणि व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या टॉयलेटचं दार उघडलं तर आत बादल्या, मॉप आणि फिनेलचा कॅन.

या तीन गोष्टी सगळ्यांना दिसतात तरी. खरी गंमत दुपारी. एचआर मॅनेजर म्हणाले, "आम्हाला घ्यायचेत हो, पण दिव्यांग कँडिडेट अप्लायच करत नाहीत." ताईंनी त्यांच्याच समोर कंपनीचं नोकरीचं पान उघडलं आणि स्पीकर मोठा केला. स्क्रीन रीडर बोलायला लागला: बटण. बटण. ग्राफिक. बटण. तीन बटणं आणि एकालाही नाव नाही, त्यातलं अर्ज पाठवायचं कुठलं ते तुम्हीच ओळखा. मॅनेजर साहेब बराच वेळ गप्प होते, आम्हीही कॅमेरा तसाच चालू ठेवला.

कायदा काय म्हणतो ते पटकन सांगतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात ऑटिझम आला, थॅलेसेमिया आला, ॲसिड हल्ल्यातले लोक आले. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर खाजगी कंपनीलासुद्धा आपल्या समान संधी धोरणात कुठल्या सोयी देणार, कुठली पदं योग्य, निवड कशी करणार हे सगळं लिहावं लागतं आणि धोरण दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. इथेही धोरण होतं. तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं.

चार वाजता ताई दार लावून, आमच्या कॅमेऱ्याशिवाय, ज्यांना यायचंय त्यांच्याशी बोलतात. त्यातल्या एकांनी नंतर स्वतःहून सांगितलं म्हणून इथे घेतोय: एका कानाने कमी ऐकू येतं, सहा वर्षं कुणाला बोलले नाहीत, अप्रेझलची भीती. त्यांना पाहिजे काय होतं, तर ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन आणि कॉन्फरन्स रूममध्ये दुसऱ्या बाजूची खुर्ची. खर्च शून्य. कायद्यात याच गोष्टीला रिझनेबल अकोमोडेशन, म्हणजे गरजेप्रमाणे वाजवी सोय, म्हणतात आणि ते ऐकलं की कंपन्या आधी बजेट काढून बसतात.

पैशाचं बोलायचं तर ताईंना अजूनही विचारतात, हे सामाजिक काम ना, मग फी कसली? ऑडिट, रिपोर्ट, मग सहा महिने पाठपुरावा, आयटीवाल्यांना बटणांना नावं द्यायला लावणं, हे सगळं चहा-बिस्किटावर व्हावं असं वाटतं लोकांना.

इथे मात्र फी कबूल झाली. फक्त बिल व्हेंडर पोर्टलवर टाकायचं आणि पोर्टलला कॅप्चा, वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र, आवाजाचा पर्याय नाही. ताई हसल्या, रिपोर्ट पुन्हा उघडला आणि ३७ नंबरच्या मुद्द्याखाली ३८ वा टाइप करायला घेतला.