दूध, कातडीचा रंग आणि पिनकोड

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या २०१९ सालच्या जन्मनोंदी काढून पाहिल्या, तर शंभरातल्या ८४ बाळांना सुरुवातीला आईचं दूध मिळालेलं दिसतं. वंशवार पाहिलं की चित्र बदलतं. आशियाई आयांची ९० टक्के बाळं, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेल्या) आयांची ८७, गोऱ्या आयांची साडेपंच्याऐंशी आणि कृष्णवर्णीय आयांची जेमतेम ७४.

हे ऐकून आपल्या मंडळींची मान जरा ताठ होते. आशियाई म्हणजे त्यात आपणही आलोच! न्यू जर्सीत लेक बाळंत व्हायची असली की नाशिकहून आई विमानात बसते. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, शतावरी कल्प. लाडवांनी दूध किती वाढतं, या वादात आज मी पडत नाही. पण रात्री तीनला बाळ रडलं की घरात आणखी एक माणूस जागं असतं, त्याचा पाजण्याला आधार नक्की होतो. विमानाचं तिकीट, मोठं घर, नवऱ्याची बऱ्या पगाराची नोकरी, हे सगळं त्या आकड्यात आहे. आपण त्याला नाव मात्र ‘संस्कार’ असं देतो.

पण नुसता पैसा किंवा नुसते संस्कार धरून मेक्सिकोहून आलेल्या बायकांचं कोडं सुटत नाही. त्या गरीब असतात, शिक्षण कमी असतं, तरी अंगावर पाजण्यात पुढे असतात. आणि अमेरिकेत जसजशी वर्षं जातात तसतसं ते कमी होत जातं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिथे काढलेल्या प्रत्येक वर्षागणिक स्थलांतरित आईनं बाळाला पाजण्याची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी घटलेली आढळली. म्हणजे त्या देशात राहण्यातच काहीतरी आहे.

कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत तर इतिहासच उलटा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त पाजत होत्या. त्याआधी गुलामीच्या काळात मालकाच्या पोरांना पाजण्याची सक्तीही त्यांच्यावर झाली होती, स्वतःचं लेकरू बाजूला ठेवून. मग डब्याचं दूध आलं. १९४६ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रीड्सव्हिल गावी शेतमजुरी करणाऱ्या फुल्ट्झ कुटुंबात एकसारख्या चार मुली जन्मल्या. कृष्णवर्णीय घरात असं घडल्याची ही पहिलीच नोंद. प्रसूती करणाऱ्या गोऱ्या डॉक्टरनं मुलींची नावं स्वतः ठेवली आणि दूध कंपन्यांशी सौदा केला. ‘पेट मिल्क’ कंपनीनं जमीन, दूध आणि नर्स यांची सोय केली. बदल्यात त्या चौघी कंपनीच्या जाहिरातींत झळकल्या, त्याही खास कृष्णवर्णीय आयांसाठी काढलेल्या जाहिरातींत. चार गोंडस मुली, आणि त्यांच्या मागे एक बाजारपेठ.

१९७० च्या सुमारास सगळ्या अमेरिकेतच पाजणं खालावून जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. नंतर शिकल्यासवरल्या गोऱ्या बायका परत वळल्या. बाकीच्यांना वळायला तेवढी मोकळीक नव्हती. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेत डब्याच्या दुधाच्या विक्रीवर निर्बंध सुचवणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर झाली. ते एक मत अमेरिकेचं. भारतानं १९९२ मध्ये कायदा करून अशा जाहिरातींवर बंदी घातली. अमेरिकेत ती आजही नाही.

पण माझा मुख्य मुद्दा दवाखान्याचा आहे. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं २०११ ची माहिती पिनकोडनुसार तपासली. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून जास्त, तिथल्या दवाखान्यांपैकी ४६ टक्केच जन्मानंतर लवकर पाजायला लावत. इतर वस्त्यांत ६० टक्के. बाळ-बाळंतिणीला एकाच खोलीत ठेवणारे २८ टक्के, दुसरीकडे ३९. दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात, त्याआधीचा चीक चमचाभरच असतो आणि तो तेवढाच पुरतो, हे त्या वेळी सांगायला कुणी नसलं की नर्स बाटली घेऊन येते. बाळ बाटलीवर पोट भरून झोपतं, छाती रिकामी होत नाही, आणि रिकामी झाली नाही तर दूध वाढत नाही. मग आठवड्याभरात ‘माझं दूधच पुरत नाही’ असं तीच आई स्वतः म्हणू लागते. आकडेवारीत ती ‘आईची निवड’ म्हणून नोंदली जाते!

दवाखाने बदलले तर? मिसिसिपी आणि शेजारच्या राज्यांतल्या ३३ दवाखान्यांना २०१४ पासून बॉस्टनच्या एका गटानं प्रशिक्षण दिलं: जन्मताच बाळ आईच्या छातीवर, दोघं एकाच खोलीत, कारणाशिवाय बाटली नाही. काही वर्षांत तिथल्या कृष्णवर्णीय बाळांपैकी आईचं दूध मिळालेल्यांचं प्रमाण ४६ वरून ६३ टक्क्यांवर गेलं आणि गोऱ्या-कृष्णवर्णीयांमधली दरी जवळपास १० टक्केबिंदूंनी आटली. त्या बायकांच्या आज्या, आहार, पगार तेच होते.

घरी गेल्यावर मात्र पगाराचा प्रश्न आडवा येतोच. १९९३ च्या कायद्यानं १२ आठवड्यांची रजा दिली, पण बिनपगारी, आणि तीही मोठ्या आस्थापनांपुरती. तासावर पैसे मिळणारी बाई ती घेणार कशी? २०१० च्या कायद्यानं कामावर दूध काढायला वेळ आणि स्वच्छतागृह सोडून दुसरी जागा द्यायला लावलं, आणि २०२२ च्या कायद्यानं ते आणखी बायकांना लागू केलं. त्या वेळेचे पैसे द्यायचे की नाही, हे बहुतेक ठिकाणी मालकावरच सोडलंय.