बाळाचा ऑक्सिजन उजव्या हातावर आणि पायावर का मोजायचा?

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल होती, बाळ जन्मल्यावर छान रडलं, दूधही प्यायलं. मग चौथ्या दिवशी हृदयाचा आजार आला कुठून?"

आजार आधीपासून होताच, दिसत नव्हता. जन्मजात हृदयविकार हजारात साधारण ८-९ बाळांना असतो. बरीच छोटी छिद्रं आपोआप बुजतात, तो भाग आज सोडून देते.

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. म्हणून फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी आणि महाधमनी (हृदयातून शरीरभर रक्त नेणारी मुख्य वाहिनी) यांना जोडणारी एक छोटी नळी असते, डक्टस. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती मिटते. काही विकारांत बाळ या नळीच्या जोरावरच तगून असतं. ती उघडी असेपर्यंत बाळ गुटगुटीत, शांत. मिटली की काही तासांत खालावतं, आणि तोवर बाळंतीण घरी पोचलेली असते.

म्हणून डिस्चार्जच्या आधी, २४ तासांनंतर, पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र. उजवा हात आणि कुठलाही एक पाय. डावा हात नाही!

उजव्या हाताची रक्तवाहिनी नळीच्या आधी फुटते, पायाचं रक्त नळीच्या पुढून जातं. दोन आकडे जुळले नाहीत तर काहीतरी बिनसलंय हे कळतं. एका बाळाच्या हातावर ९७ होते. सिस्टर समाधानाने प्रोब काढायला लागल्या, मी म्हटलं, पायाला लावा. पट्टी तळव्याला गुंडाळली, बाळ लाथा झाडत होतं, स्क्रीनवरची लाट स्थिर होईपर्यंत थांबलो. ८८. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनी एका जागी अरुंद निघाली. नुसता हात बघितला असता तर बाळ त्याच संध्याकाळी घरी गेलं असतं.

दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. कुठेही ९०च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी आणि टूडी इको. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा. तुमच्या फाईलमध्ये एकच आकडा लिहिला असेल, तर विचारा: "हाताचा की पायाचा?" विचारायला संकोच करू नका.

बरेच जण लिहितात, "कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरी आहे, तो लावू का?" नको! तो मोठ्यांच्या बोटाचा चिमटा आहे, बाळाच्या बोटावर खोटे आकडे दाखवतो.

ही तपासणी सगळंच पकडत नाही. दूध ओढताना कपाळावर घाम, दोन घोट घेऊन दमणं, छाती भरभर उडणं, जीभ-ओठ निळसर दिसणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या एक-दोन दिवसांत नुसते हात-पाय निळसर असणं मात्र बहुतेकदा साधं असतं. सावळ्या बाळाचा रंग बघायचा तर जिभेवर बघा.

आणि ज्या ताईंनी लिहिलंय, "ग्रहणात सुरी धरली म्हणून सासूबाई मला बोलतात", ताई, ग्रहणाचा आणि हृदयाचा काडीचाही संबंध नाही. हा व्हिडिओ त्यांना दाखवा, मी स्वतः सांगतेय.

खर्चाचं विचारणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. २०१३पासून तो सुरू आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी त्यातून मदत मिळते. तुमच्या आशाताईंना विचारलंत तरी वाट सापडेल.