सही कुणाची आणि जबाबदारी कुणाची?

नमस्कार मंडळी. आज मी ठाण्यातून, नौपाड्यातल्या माझ्या मामाच्या घरून बोलतोय. ही बॅट बघा.

(बॅट कॅमेऱ्याजवळ)

१९८३ च्या विश्वविजेत्या संघातल्या १४ जणांच्या सह्या. मामाने ऑनलाइन लिलावात ही ४२ हजारांना घेतली. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आणि त्यावर चकचकीत होलोग्राम. मामाने आधी सुताराकडून काचेची पेटी करून घेतली आणि मग मला फोन केला.

सर्टिफिकेटवर लिहिलंय की या सह्या २०२२ मध्ये एका कार्यक्रमात घेतल्या. आता इथे बघा, बॅटच्या खांद्याजवळ यशपाल शर्मांची सही आहे. यशपाल शर्मा १३ जुलै २०२१ ला गेले.

मी हे दाखवलं तेव्हा मामा पहिलं काय म्हणाला माहितीये? "अरे, पण सर्टिफिकेट आहे ना!"

मंडळी, सगळी गडबड इथेच आहे. सह्यांची सर्टिफिकेटं बारीक अक्षरांत वाचा. बहुतेकांत "आमच्या मते ही सही अस्सल आहे" असं लिहिलेलं असतं. मत आणि हमी यात फार फरक आहे. मत चुकलं तर पैसे कोण परत देणार, हे त्या कागदावर क्वचितच असतं. शिवाय सही तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या तपासनिसाची फी अनेकदा विकणाराच भरतो. म्हणजे ज्याला वस्तू खपवायची आहे, त्याच्याच पैशांतून निकाल येतो. याचा अर्थ सगळे तपासनीस लबाड असतात असा मुळीच नाही. पण आपण हे विचारायलाच हवं.

तपासनीस नेमकं काय बघतो? मी ओळखीच्या सराफाकडून भिंग मागून आणलं. पटकन केलेल्या सहीचा शेवटचा फराटा निमुळता होत जातो, कारण पेन उचललं जात असतानाही हात चालूच असतो. नक्कल करणारा सही चितारतो. त्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते, टोकं बोथट राहतात आणि जिथे हात थबकतो तिथे मार्करची शाई पसरते. ही कर्णधाराची सही बघा. एका वळणात शाईचे तीन ठिपके. वर्षानुवर्षं हजारो सह्या केलेला माणूस स्वतःच्या नावात तीनदा का अडखळेल?

जुन्या वस्तूंत काळही पकडून देतो. जुने क्रिकेटपटू रणजी, म्हणजे रणजितसिंहजी, १९३३ साली वारले आणि बॉलपेन बाजारात आलं १९४० च्या दशकात. कुणी रणजींची बॉलपेनने केलेली सही दाखवली, तर भिंगसुद्धा काढायला नको.

हा धंदा किती मोठा होऊ शकतो, हे अमेरिकेत दिसलं. १९९० च्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन चालवलं. खेळाडूंच्या बनावट सह्यांची टोळी पकडली, तर मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही निघाले! बनावट सह्यांना बनावट सर्टिफिकेटंही जोडलेली होती. त्यानंतर, २००१ मध्ये, मेजर लीग बेसबॉलने वेगळी पद्धत आणली. खेळाडू सही करत असताना आजी किंवा माजी पोलीस अधिकारी समोर हजर असतो, तिथेच नंबरचा होलोग्राम लागतो आणि नोंद होते. समोर पाहिलं नसेल, तर शिक्का नाही. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण तिथे "मला वाटतं" नसतं, "मी पाहिलं" असतं.

आपल्याकडे याची गरज आत्ता आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्रीच्या नावाने बॅटी आणि जर्सी विकायला येतील, तेव्हा विक्रेत्याला विचारा: सही कुठे झाली, कुणासमोर झाली, फोटो आहे का? होलोग्रामचा नंबर वेबसाइटवर टाकून थांबू नका, तिथला फोटो आणि हातातली वस्तू जुळवून बघा. खरा नंबर दुसऱ्याच वस्तूवर चिकटवता येतो. आणि बोली लावण्याआधी, सही खोटी निघाल्यास पैसे कोण, किती दिवसांत परत करणार, हे लेखी घ्या.

मामाचं पुढे काय झालं? लिलाववाले म्हणाले, तपासनिसाशी बोला. तपासनीस म्हणाला, लिलाववाल्यांशी बोला. तीन आठवडे हेच चाललं.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्री करणाऱ्या वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ते झालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, मुदत २ वर्षांची. मामाने पावती, लिलावाच्या पानाचे स्क्रीनशॉट, सर्टिफिकेट आणि सगळे ईमेल एका फाइलीत लावलेत. सोमवारी आम्ही दोघं तक्रार दाखल करतोय.

तोवर एक मदत हवी आहे. तुमच्याकडे अशीच बॅट असेल, तर यशपाल शर्मांच्या सहीचा समोरून, जवळून फोटो मला पाठवा. कुणाचीही सही दोनदा हुबेहूब होत नाही. ती या बॅटवरच्या सहीशी रेषेला रेष जुळली, तर ही नक्कल असल्याचा आणखी एक कागद आमच्या फाइलीत लागेल.