डाव्या हाताची कात्री

दुसरीचा वर्ग, हस्तकलेचा तास. बाकीच्यांच्या आकाशकंदिलाच्या पट्ट्या कापून झाल्यात. या मुलीचा कागद मात्र कापला जात नाहीये, दुमडतोय. नीट बघा. कात्रीला धार आहे, तीही पुरता जोर लावतेय. तरी कागद दोन पात्यांच्या फटीत आडवा पडतोय.

दोष तिच्या हातात नाही, कात्रीत आहे.

आता जवळून पाहू. उजव्या हाताची मूठ आवळली की अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. त्यामुळे पाती एकमेकांना घासून बसतात, कागद स्वच्छ कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात दिली की रेटा उलटा पडतो आणि पाती फाकतात. शिवाय वरचं पातं उजवीकडे, म्हणून कापायची रेघ नेमकी त्याच्याआड जाते. कात्री उलटी धरा, सुलटी धरा, वरचं पातं उजवीकडेच राहतं. 'दोन्ही हातांना चालते' म्हणून विकतात त्या कात्रीतही बहुतेकदा फक्त मूठ बदललेली असते, पाती तीच.

शिंप्याची ही मोठी कात्री आणखी अडेल. तिचं कडंच उजव्या अंगठ्याच्या बेताने वळवलेलं. हे कारागीर डावखुरे आहेत. कापड उजव्याने कापतात, काजं मात्र डाव्यानेच करतात. टाका बघा किती एकसारखा आहे!

दहा माणसांत साधारण एक जण डावखुरा असतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सोनोग्राफीत पोटातली बाळं अंगठा चोखताना पाहिली होती. त्यांतली 75 मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी 60 च्या 60 उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या 15 पैकी 10 डावखुरी. पाटी-पेन्सिल हाती यायच्या कितीतरी आधी हात बहुधा ठरलेला असतो.

सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्याने करायचा, सही डाव्याने करतो. त्याचं आपल्याला कौतुक.

आणि ही पंगत. या मुलाच्या डाव्या हाताकडे बघा, आणि तो धरणाऱ्या हाताकडे.

हात बदलायला लावला की लिहिणं रखडतं, आणि ओरडाही मुलालाच बसतो.

डाव्या हाताची कात्री मिळते, पण दुकानदाराला सांगून मागवावी लागते. घेताना टोक समोर करून धरा, वरचं पातं डावीकडे दिसलं पाहिजे. प्रत्येक वर्गात अशा दोन-तीन तरी हव्यातच.