गच्चीवर ऊन, समुद्राखाली वायू, भट्टीत तेल

(दृश्य: निकोसिया शहर, सकाळ. कॅमेरा सपाट गच्च्यांवरून सावकाश सरकतो.)

सायप्रसची राजधानी निकोसिया. तिथल्या कुठल्याही गच्चीवर चढा. नजर जाईल तिथवर प्रत्येक घराच्या माथ्यावर तीच मांडणी दिसेल. सगळ्यात वर थंड पाण्याची टाकी. तिच्या खाली गरम पाण्याचं आडवं पिंप. आणि पुढे, दक्षिणेकडे तोंड करून कललेली काचेची तावदानं. तावदानाआड काळा रंग दिलेला पत्रा, त्याला चिकटून तांब्याच्या नळ्या.

याला पंप नाही, मोटर नाही. ऊन लागलं की नळ्यांमधलं पाणी तापतं, हलकं होतं आणि आपलं आपण वर पिंपात चढतं. त्याची जागा घ्यायला थंड पाणी खाली उतरतं. सूर्य आहे तोवर हे चक्र चालू. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसाला आंघोळीला कढत पाणी तयार.

आपल्याकडे याला सोलर बंब म्हणतात. सायप्रसमध्ये तो १९६०च्या दशकापासून बसतोय, आणि आज दहातल्या नऊहून अधिक घरांवर आहे. थंड पाण्याची टाकी वर का, हेही आपल्याला सांगावं लागत नाही. नळाला पाणी रोज येईलच याची खात्री नसायची. २००८च्या दुष्काळात तर या बेटाने ग्रीसहून जहाजांत भरून पाणी आणलं होतं.

साध्या माणसांनी साध्या सामानातून उन्हाला घरच्या कामाला लावलं, तेही हवामानबदल हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा. मला या देशाबद्दल आदर वाटतो तो इथून.

आता त्याच घरात जा आणि दिवा लावा. ती वीज बहुतेक करून तेल जाळून आलेली असते. परदेशातून जहाजाने आणलेलं फर्नेस ऑइल आणि डिझेल.

(दृश्य: वासिलिकोस. समुद्रकाठची उंच धुराडी.)

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला सव्वानऊ हजार चौरस किलोमीटरचं हे बेट. १९६० साली स्वतंत्र झालं, १९७४पासून दुभंगलेलं आहे आणि २००४ साली युरोपीय संघात गेलं. संघातला हा एकच देश असा, की ज्याच्या विजेच्या तारा कुठल्याही दुसऱ्या देशाला जोडलेल्या नाहीत. जर्मनीला वीज कमी पडली तर ती शेजाऱ्याकडून घेते. सायप्रसला लागेल तेवढी वीज, लागेल त्या क्षणी, स्वतःच करावी लागते.

म्हणून लिमासोल आणि लार्नाका यांच्या मधल्या किनाऱ्यावरचं हे वासिलिकोस वीजकेंद्र म्हणजे देशाचा प्राण. तो प्राण किती नाजूक आहे, ते ११ जुलै २०११ला कळलं.

केंद्राच्या शेजारी, मारी गावाजवळ, नौदलाचा तळ आहे. तिथे ९८ कंटेनर उघड्यावर रचून ठेवलेले होते. इराणहून सीरियाला निघालेल्या एका जहाजावरून २००९ साली जप्त केलेला तो दारूगोळा. दोन उन्हाळे गेले, तो तिथेच तापत राहिला. सूचना गेल्या, बैठका झाल्या, कंटेनर हलले नाहीत. त्या सोमवारी पहाटे आग लागली. अग्निशमन दलाचे जवान धावले, नौदलाचे प्रमुखही तिथे होते. सहा वाजायच्या थोडं आधी स्फोट झाला. १३ माणसं गेली. आणि देशाची साधारण निम्मी वीज देणारं केंद्र मोडून पडलं.

ऐन जुलैत भारनियमन. शब्द आपल्या ओळखीचा आहे, त्यावर जास्त बोलत नाही. पण पुढच्या काही दिवसांत जे घडलं ते सांगायलाच हवं.

(दृश्य: निकोसियाची ‘ग्रीन लाइन’. वाळूच्या गोण्या, गंजलेली पिंपं, ओसाड घरं.)

ही रेषा बेटाचे दोन भाग करते. दक्षिणेला सायप्रस प्रजासत्ताक, ग्रीक भाषिकांचं. उत्तरेला तुर्की भाषिकांचा भाग, ज्याला तुर्कस्तानशिवाय कुणीही देश मानत नाही. १९७४च्या युद्धानंतरची साधारण वीस वर्षं दक्षिणेची वीज उत्तरेला जात होती, बिलाचे पैसे येत नसतानाही. मग उत्तरेने स्वतःचं केंद्र उभारलं आणि तारेतला प्रवाह थांबला.

मारीच्या स्फोटानंतर तो पुन्हा सुरू झाला, उलट्या दिशेने. उत्तरेची वीज दक्षिणेत आली. दोन्ही सरकारं एकमेकांना ओळख देत नाहीत, मग करार करणार कोण? तो दोन्हीकडच्या व्यापारी मंडळांनी केला. दक्षिणेत काहींना हे रुचलं नाही, तशी निदर्शनंही झाली. पण वीज आली. तार होती म्हणून आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण यापुढची सगळी कहाणी नसलेल्या तारांची आणि नसलेल्या नळांची आहे.

(दृश्य: पाफोसजवळचा किनारा. लाटांत उभा मोठा खडक.)

ग्रीक पुराणात सौंदर्यदेवता अ‍ॅफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून जन्मली. ती याच खडकापाशी किनाऱ्याला लागली, असं इथले लोक सांगतात. त्याच २०११ सालच्या डिसेंबरात बातमी आली, की लिमासोलच्या दक्षिणेला दीडशेहून अधिक किलोमीटरवर, समुद्रतळाच्याही खाली नैसर्गिक वायू सापडला आहे. तिथे पाण्याचीच खोली सुमारे १,७०० मीटर. क्षेत्राला नाव दिलं अ‍ॅफ्रोडायटी.

जुलैत अंधार पाहिलेल्या लोकांना डिसेंबरात हे ऐकताना काय वाटलं असेल! पुढे आणखी साठे सापडत गेले. कॅलिप्सो, ग्लॉकस, क्रोनोस, झ्यूस, पेगॅसस. पुराणातली अर्धी मंडळी नकाशावर आली.

एकट्या अ‍ॅफ्रोडायटीत साधारण ४ लाख कोटी घनफूट वायू आहे. बेटाची स्वतःची गरज एवढी थोडी, की हा एकच साठा शंभर वर्षांहून जास्त पुरेल. अडचण नेमकी इथेच आहे. एवढ्या खोल पाण्यात विहिरी खणायच्या, शेकडो किलोमीटर नळ टाकायचा, तर अब्जावधी डॉलर लागतात. दहा लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या बेटाला वायू विकून ते सुटत नाहीत. परदेशी विकायचा तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करणारा कारखाना हवा. वासिलिकोसला तो उभारायचा बेत झाला होता; पण तेवढ्या कारखान्याला अ‍ॅफ्रोडायटीचा वायू अपुरा. घराला जास्त, बाजाराला कमी.

त्यात सीमेचे प्रश्न. साठ्याचा छोटा भाग इस्रायलच्या हद्दीत सरकतो, त्यावर दोन मित्रदेशांची दहा वर्षांहून अधिक काळ घासाघीस चालली. दुसरीकडे तुर्कस्तान. सायप्रसची सागरी हद्दच त्याला मान्य नाही, आणि वायूत उत्तरेच्या लोकांचाही वाटा आहे असं तो म्हणतो. २०१८च्या फेब्रुवारीत एक इटालियन ड्रिलशिप खोदकामाच्या जागी निघालं, तेव्हा तुर्की युद्धनौकांनी त्याची वाट अडवली. दोनेक आठवडे थांबून ते परत फिरलं. वायूत दोन्ही समाजांचा वाटा असावा, हे तत्त्व दक्षिणेलाही नामंजूर नाही. तो कधी आणि कुणी मोजायचा, यावर घोडं अडलंय.

(दृश्य: वासिलिकोसचा किनारा. समुद्रात गेलेलं अर्धवट बांधकाम.)

मग दुसरा मार्ग निघाला. आपला वायू वर येईल तेव्हा येईल, तोवर बाहेरचा द्रवरूप वायू आणून वीज करू. तेलापेक्षा धूर कमी, कार्बन कमी. २०१९च्या डिसेंबरात करार झाला. युरोपीय संघाने १० कोटी युरोंहून अधिक अनुदान दिलं. एक जुनं वायुवाहू जहाज शांघायच्या गोदीत नेऊन बदलून घेतलं. नाव ठेवलं प्रॉमिथियस, म्हणजे ज्याने माणसासाठी स्वर्गातून अग्नी आणला तो.

जहाज तयार झालं. ते जिथे लागायचं तो धक्का तयार झाला नाही. मुदती टळल्या, पैशांवरून वाद झाले, २०२४च्या जुलैत करार तुटला आणि प्रकरण लवादात गेलं. युरोपीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने चौकशी सुरू केली ती वेगळीच.

मन दुखतं ते एका तपशिलाने. वासिलिकोसमधली नवी यंत्रं मुळात वायूवर चालण्यासाठीच बनलेली आहेत. वायू येईल या भरवशावर ती घेतली. वायू आला नाही, म्हणून त्यांत महागडं डिझेल घालतात. शिवाय युरोपच्या नियमाप्रमाणे जळालेल्या तेलातून निघणाऱ्या कार्बनच्या टनाटनाला परवाना विकत घ्यावा लागतो. हा खर्च शेवटी वीजबिलात उतरतो. निकोसियातला पेन्शनवरचा म्हातारा ऑगस्टमध्ये एसी लावताना त्या धक्क्याचे पैसे भरतो.

(दृश्य: एप्रिल. हिरवी शेतं, सौर पॅनेलांच्या रांगा.)

आणि ऊन? पॅनेलं झपाट्याने वाढली आहेत, शेतांवर आणि घरांवर. आता एप्रिलमधली एखादी दुपार डोळ्यांपुढे आणा. हवा छान, ना हीटर लागतो ना एसी. विजेची मागणी खाली, आकाश स्वच्छ, पॅनेलं जोरात. अशा वेळी नियंत्रण कक्षातून पॅनेलं बंद करण्याचे संदेश सुटतात. आधी मोठी सौर उद्यानं, मग गरज पडली तर घरांच्या छपरांवरचीही.

त्यांच्याऐवजी तेलाची यंत्रं बंद का करत नाहीत? कारण वाफेवरचं यंत्र एकदा थंड झालं की पुन्हा तापायला तास न् तास घेतं, आणि संध्याकाळी सूर्य गेला की ते लागणारच. शिवाय त्या जड फिरत्या चक्रांमुळेच विजेचा ठोका सेकंदाला ५० वर स्थिर राहतो. मोठ्या खंडात हा भार हजारो यंत्रं वाटून घेतात, एकट्या बेटावर तो मोजक्या यंत्रांवर पडतो. म्हणून ती मंद आचेवर चालू ठेवतात आणि फुकटचं ऊन टाकून देतात. दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवायला बॅटऱ्या हव्यात. त्या देशपातळीवर आता कुठे येऊ लागल्या आहेत. गच्चीवरच्या पिंपाला जे साठ वर्षांपूर्वी जमलं, म्हणजे दिवसाचं ऊन रात्रीसाठी धरून ठेवणं, ते विजेच्या बाबतीत करायला एवढा उशीर झाला. वायूच्या आशेवर बसल्यामुळे हा उशीर झाला, असं माझं ठाम मत आहे. ‘दोन वर्षांत वायू येतोय’ हे वाक्य ज्या देशात वर्षानुवर्षं ऐकू येतं, तिथे बॅटरीवर पैसा घालायला कुणाचा हात उचलत नाही.

तारेचाही बेत आहे. ग्रीसच्या क्रीट बेटापासून सायप्रसपर्यंत, समुद्रतळावरून सुमारे ९०० किलोमीटर, काही ठिकाणी जवळपास ३,००० मीटर खोल. ती पडली तर दुपारचं जास्तीचं ऊन ग्रीसला जाईल आणि रात्री तिकडची वीज इकडे येईल. युरोपीय संघाने ६५ कोटी युरोंहून अधिक रक्कम मंजूर केली आहे. २०२४च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या कासोस बेटाजवळ तळाची पाहणी चालू असताना तुर्की युद्धनौका पुन्हा समोर आल्या. खर्च कुणी किती उचलायचा यावर अथेन्स आणि निकोसियात कुरबूर आहेच. काम रेंगाळलंय.

(दृश्य: कैरो, सही करणारे हात. मग उघडा समुद्र.)

२०२५च्या फेब्रुवारीत कैरोत सह्या झाल्या. क्रोनोस आणि अ‍ॅफ्रोडायटी, दोन्हींचा वायू इजिप्तला न्यायचं ठरलं. हिशेब समजण्यासारखा आहे. २०१५ साली सापडलेलं इजिप्तचं प्रचंड झोर क्षेत्र सायप्रसच्या हद्दीला जवळजवळ टेकलेलं. तिथे नळ आहेत, दमिएत्ताला द्रवीकरणाचा कारखाना आहे, आणि इजिप्तचा स्वतःचा वायू घटतोय. तयार नळाला आपला नळ जोडायचा. क्रोनोसचा वायू या दशकाच्या अखेरीआधी आणि अ‍ॅफ्रोडायटीचा २०३१च्या सुमारास निघेल, असं आराखडे सांगतात. पैसा सायप्रसच्या तिजोरीत येईल. वायू मात्र वासिलिकोसला न येता दक्षिणेला जाईल.

(दृश्य: निकोसिया, संध्याकाळ. पुन्हा त्याच गच्च्या.)

अ‍ॅफ्रोडायटी सापडली त्या डिसेंबरात या शहरात जन्मलेलं मूल २०३१ साली वीस वर्षांचं होईल. आत्ता ते शाळेतून, खेळून घरी येतंय. दिवा लावतंय, तो तेलावर पेटतोय. न्हाणीघरात जाऊन नळ सोडतंय. वर गच्चीवर तांब्याच्या नळ्या अजून गरम आहेत.