क्लॅक्टनची ती पावसाळी सुट्टी

नमस्कार श्रोतेहो, कट्ट्यावर चारपाच पोरं मोबाईल घेऊन बसलेली दिसली की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, आजकालची पिढी वाया गेली. असं कानावर आलं की मला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं क्लॅक्टन आठवतं.

1964 सालचा ईस्टर. लंडनकडची पोरंपोरी स्कूटर, मोटरसायकली काढून दरवर्षीसारखी समुद्रावर आलेली आणि नेमका तेव्हाच बोचरा गारठा, वरून पाऊस, करायला काहीच नाही, त्यात काही कॅफेवाले पोरांना काही द्यायलाच नकार देतात अशा अफवा. मग ढकलाढकली, दगडफेक, काही काचा फुटल्या, बीचवरच्या लाकडी खोल्या मोडल्या. चुकीचंच होतं ते, त्याचं समर्थन मी करत नाही. पण दुसऱ्या दिवशीचे पेपर! स्कूटर टोळ्यांचा दहशतीचा दिवस, 97 जणांना अटक, गावावर हल्ला, असं सगळं पहिल्या पानावर. प्रत्यक्षात नुकसान किती, तर 513 पौंडांचं.

स्टॅन्ली कोहेन हा तेव्हा विशीतला, दक्षिण आफ्रिकेतून आलेला तरुण अभ्यासक. त्याने नुसती कात्रणं जमवली नाहीत, तो सुट्ट्यांना स्वतः किनाऱ्यांवर जाऊन उभा राहिला, लोकांशी बोलला. समुद्रालगतच्या सगळ्या डान्स हॉलच्या काचा फोडल्या असं एका गावाबद्दल छापून आलेलं, आणि त्या गावात डान्स हॉल होता एकच! मॉड्स म्हणजे स्कूटरवाली फॅशनेबल पोरं, रॉकर्स म्हणजे मोटरसायकलवाली लेदर जॅकेटातली पोरं, या दोघांचं जे वैर पेपरांनी रंगवलं तेही सुरुवातीला एवढं पक्कं नव्हतं, क्लॅक्टनला खरी कुरबुर होती लंडनची पोरं आणि गावातली पोरं यांच्यात. पण रोज तेच वाचून पोरांनाही आपण कुठल्या बाजूचे ते ठरवावंसं वाटायला लागलं, पुढच्या सुट्टीला राडा होणार असं आधीच छापून यायचं, मग बघे जमायचे, पोलीस वाढायचे, आणि एवढी गर्दी झाल्यावर काहीतरी होणारच ना. 1972 साली त्याचं पुस्तक आलं आणि मॉरल पॅनिक हा शब्द समाजशास्त्रात रुजला. एखाद्या गटाला समाजाचा शत्रू ठरवून सगळ्यांनी मिळून घाबरायचं, असा त्याचा अर्थ.

मला त्या पुस्तकातला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो मार्गेट या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या गावातल्या कोर्टातला एक पोरगा. 1964 च्याच मे महिन्यात तिथल्या अशाच राड्यानंतर त्याला 75 पौंड दंड झाला, तर हा म्हणाला, चेक देतो. झालं, किती पैसा आणि किती माज आलाय या पोरांना याचा पुरावाच मिळाला सगळ्यांना, कित्येक वर्षं ती गोष्ट सांगितली जायची. त्या पोराचं बँकेत खातंच नव्हतं हो, आयुष्यात एकदाही त्याने चेकवर सही केलेली नव्हती, भर कोर्टात सगळे बघतायत म्हणून उसनं अवसान आणून बोलून गेला होता तो. आणि हे छापायची तसदी फारच थोड्या पेपरांनी घेतली.